काठावर सापडलेले मूळ टाकीत ठेवण्याआधी

आपला प्रश्न मला समजला तो असा. मे महिन्यात पानशेत धरणाचे पाणी उतरलेले असताना जलाशयाच्या काठावर आपल्याला दोन फूट लांबीचे, तीन फाटे असलेले एक वाळलेले मूळ सापडले. कोथरूडला घरी आणून आपण ते दोन मुठी मीठ घातलेल्या पाण्यात, आधी एका टोकाने आणि मग दुसऱ्या टोकाने, अर्धा अर्धा तास उकळले आणि माशांच्या तीन फुटी टाकीत ठेवले. ते तरंगू लागले म्हणून त्यावर दगड ठेवला. तिसऱ्या दिवशी पाणी कोऱ्या चहासारखे झाले, आठव्या दिवशी लाकडावर पांढरट बुळबुळीत थर आला, आणि एका परिचितांनी ते ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून काढण्याचा सल्ला दिला. टाकीत बारा निऑन टेट्रा, सहा कोरिडोरस आणि एक ब्रिसलनोज असे मासे आहेत. लाकूड ठेवावे की टाकावे, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

तूर्त ते टाकीबाहेर काढावे, पण फेकू नये, आणि ब्लीचिंग पावडर तर मुळीच वापरू नये. पाण्याच्या रंगाने आपल्या माशांना धोका नाही, आणि पांढरा थर काही आठवड्यांत आपोआप जातो. आपण ज्या दोन गोष्टींना घाबरला आहात त्या दोन्ही किरकोळ आहेत. ज्या दोन गोष्टी खरोखर तपासायला हव्या होत्या, म्हणजे हे मूळ कोणत्या झाडाचे आहे आणि आतून ते कितपत शाबूत आहे, त्यांचा उल्लेख आपल्या पत्रात नाही. गेली बावीस वर्षे मी टाक्या ठेवतो आहे आणि एवढ्या काळात पाहिलेली सर्वांत पक्की समजूत हीच, की लाकूड एकदा उकळले की ते शुद्ध झाले. उकळण्याने जंतू, किडे आणि अंडी मरतात, लाकडातली बरीच हवा बाहेर पडते, आणि विरघळणारे पदार्थ काही प्रमाणात निघून जातात. विषारी झाडाचे लाकूड त्याने निर्विष होत नाही आणि कुजलेले लाकूड टणक होत नाही.

झाडाची ओळख पटवणे कठीण असते, हे मान्य आहे. काठावर पडलेल्या मुळाला पान नसते, फूल नसते, बहुधा सालही नसते. तरीही काही गोष्टी हाताशी असतात. मुळाचा एक फाटा करवतीने इंचभर कापून ताजा छेद पाहावा आणि त्याचा वास घ्यावा. उग्र, औषधी किंवा राळेसारखा वास आला, छेदावर चिकटपणा जाणवला, किंवा छेदाला पाणी लावून बोट फिरवल्यावर तेलकट तवंग आला, तर ते लाकूड टाकीसाठी नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या लाकडांपैकी चिंचेच्या गाभ्याचे लाकूड, पेरूची मुळे व फांद्या आणि जांभळाचे लाकूड मी निर्धास्तपणे वापरतो. पेरूच्या फांद्यांना मुळातच डौलदार वळणे असतात आणि बागेची छाटणी झाल्यावर त्या मागितल्या तरी मिळतात. वर्षभर सावलीत वाळवल्या की काम झाले. बाभळीचे लाकूड कठीण असते, पण रंग इतका सोडते की महिनोन्‌महिने पाणी बदलत बसावे लागते.

कण्हेर, शेर, रुई आणि काजरा यांच्या जवळही जाऊ नये. वड, पिंपळ, उंबर यांचा चीक पूर्ण वाळल्यावर निरुपद्रवी होतो असे म्हणणारे अनुभवी लोक आहेत. मला तो धोका पत्करण्याचे कारण दिसत नाही. कडुनिंबाचे लाकूड लोक हौसेने सुचवतात, कारण त्याला कीड लागत नाही. पण कीड ज्या गुणामुळे लागत नाही, तोच गुण टाकीतल्या कोळंबीच्या जिवावर उठतो. निलगिरी तिच्या तेलामुळे बाद, चीड राळेमुळे बाद. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले आहेत आणि त्यांचा चीक कातडीला भाजतो, म्हणून मी तिन्ही टाळतो.

पुणेकरांसाठी एक इशारा वेगळा द्यायला हवा. वेताळ टेकडीवर आणि पर्वती-पाचगावच्या बाजूला गिरिपुष्पाची लागवड मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. सकाळी फिरायला जाणाऱ्याला वाटेत त्याच्या वाळक्या, पीळदार फांद्या दिसतात आणि हात शिवशिवतो. या झाडाचे दुसरे मराठी नाव उंदीरमारी आहे आणि ते उगाच पडलेले नाही. त्या फांद्या टेकडीवरच राहू द्याव्यात.

आपल्या मुळाच्या बाबतीत एक गोष्ट मात्र जमेची आहे. पानशेतच्या काठावरचे लाकूड बहुधा कित्येक पावसाळे पाण्याखाली आणि कित्येक उन्हाळे कोरडे राहिलेले असते. दर वर्षी पाणी चढते आणि उतरते, आणि या ये-जाईत मऊ भाग झिजून जातो व विरघळणारे बरेचसे निघून जाते. शिवाय पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला याच धरणांचे पाणी महापालिकेच्या नळाला येते, त्यामुळे आपले मूळ ज्या पाण्यात मुरले तेच पाणी, क्लोरीन सोडला तर, आपल्या टाकीत आहे. हेच लाकूड शहरातल्या मुठेच्या पात्रातून, म्हात्रे पुलाखालून किंवा संगमाजवळून उचललेले असते, तर मी पुढे एक ओळही न लिहिता टाकून द्या म्हटले असते. नाल्यांतून येणारे सांडपाणी, तेल आणि कारखान्यांतली द्रव्ये वर्षानुवर्षे प्यायलेले लाकूड कितीही उकळले तरी ती पूर्णपणे सोडत नाही. कोकणच्या किनाऱ्यावरून आणलेल्या लाकडात मीठ मुरलेले असते. ते अनेक आठवडे गोड्या पाण्यात ठेवून टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) दाखवणाऱ्या मीटरने मोजत काढता येते, पण त्याला चिकाटी लागते.

ओघात कायद्याचेही सांगतो, कारण हे फार थोड्यांना ठाऊक असते. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ४५ नुसार वाहून आलेले, काठाला लागलेले किंवा बुडालेले इमारती लाकूड, कोणी त्यावर आपला हक्क सिद्ध करेपर्यंत, सामान्यतः शासनाच्या मालकीचे समजले जाते. एका हातात मावणाऱ्या मुळासाठी कोणी आपल्या दाराशी येईल असे नाही, परंतु गाडीच्या टपावर ओंडके बांधून आणणाऱ्यांनी आणि अभयारण्याच्या हद्दीतून काडी उचलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता शाबूतपणाची परीक्षा. मूळ पूर्ण वाळलेले असताना अंगठ्याच्या नखाने जागोजागी दाबून पाहावे. नख रुतले तर तिथे कूज आहे. मग एका जुन्या स्क्रूड्रायव्हरचे टोक प्रत्येक खाचेत, विशेषतः जिथे फाटे फुटतात त्या बेचक्यात, जोर लावून फिरवावे. भुसा निघाला तर तो निघत राहील तोवर खरवडावे. कधी वरचा अर्धा इंच जातो आणि खाली गडद, दगडासारखा गाभा लागतो. असे मूळ उत्तम. कधी खरवडता खरवडता आरपार भोक पडते आणि निर्णय आपोआप होतो. शेवटी मूळ हातात धरून लाकडी मुठीने ठोकावे. शाबूत लाकूड टणटणते, कुजलेले भद्द वाजते. बाहेरचे पांढरे, कच्चे लाकूड असेल तर तेही जितके निघेल तितके काढावे. पांढऱ्या थराचे खाद्य असलेली साखर आणि पिष्ट त्यातच असते, आणि पाण्यात आधी कुजते तेही तेच. साल तर एकही तुकडा ठेवू नये. टाकीत ती महिन्याभरात सुटते, तिच्याखाली घाण साचते आणि फिल्टर तुंबतो.

हे काम घरात करू नये आणि बोटे आधी बिळात घालू नयेत. वरंध घाटाच्या पायथ्याशी मिळालेले एक सुंदर पोकळ मूळ मी एकदा गच्चीवर आणून आपटले, तेव्हा आधी मातीचा लोंढा पडला, मग वाळवीचे दोन मुठी घर पडले, आणि सर्वांत शेवटी, अगदी निवांतपणे, नांगी वर करून एक विंचू बाहेर आला. तेव्हापासून पोकळ लाकूड आधी गरम पाण्याच्या बादलीत उभे करतो आणि मगच हाताळतो.

त्यानंतर तारेच्या ब्रशने वाहत्या पाण्याखाली घासावे. साबण, डिटर्जंट, भांडी घासायची पावडर यांचा स्पर्शही होऊ देऊ नये. लाकूड स्पंजासारखे असते आणि जे शोषते ते टाकीत सोडते. ही एकच गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचे अर्धे नियम वेगळे सांगावे लागत नाहीत.

उकळण्याच्या वेळेबद्दल आपण केलेली चूक सर्वसामान्य आहे. पाणी उकळू लागले म्हणजे लाकूडही उकळू लागले असे नसते. लाकूड उष्णतेचे अत्यंत मंद वाहक आहे, म्हणून तर कढईच्या दांड्याला लाकडी मूठ बसवतात. निर्यातीच्या लाकडी खोक्यांसाठी आयएसपीएम १५ नावाचा आंतरराष्ट्रीय नियम आहे, त्यात लाकडाच्या अगदी गाभ्याचे तापमान सलग ३० मिनिटे किमान ५६ अंश सेल्सिअस राहिले पाहिजे अशी अट आहे, आणि एवढ्यावर पोखरणाऱ्या किडी व त्यांच्या अळ्या मेल्या असे धरले जाते. ५६ अंश म्हणजे उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी कमी. प्रश्न तापमानाचा नाही, ते आतपर्यंत पोहोचण्याचा आहे. तीन इंच जाडीच्या मुळाचा मध्य तापायलाच तासभर सहज जातो. म्हणून मी अंगठ्याएवढ्या फांदीला पाऊण तास, मनगटाएवढ्या मुळाला दोन तास आणि त्याहून जाड ओंडक्याला तीन तास देतो, झाकण ठेवून, मंद उकळीवर. पाणी गडद झाले की ओतून नवे भरावे, पण भरताना गरमच भरावे, नाहीतर गाभा पुन्हा थंड होतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, असा बारकावा एका अभियंता मित्राने काढला होता. लाकडाला त्याने काही फरक पडत नाही. उलट सहा-आठ तास उकळत ठेवण्याचा अतिउत्साह मात्र टाळावा. त्याने वरचे धागे मऊ पडतात आणि लाकूड लवकर झडू लागते.

भांड्याकडे लोकांचे दुर्लक्ष होते. लोखंडी कढईत किंवा घमेल्यात लाकूड उकळू नये. पहिल्या वर्षी मी ते केले आणि तासाभरात पाणी दौतीतल्या शाईसारखे काळेभोर झाले, मूळही काळे पडले. लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याची लोखंडाशी गाठ पडली की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस एकत्र करून पूर्वी शाई आणि काळा रंग करीत, त्यामागची क्रिया हीच. दिसायला भयंकर असले तरी तांब्याइतके ते घातक नाही. आंबटसर, तुरट पाण्यात तांबे थोडे थोडे विरघळते आणि अगदी अल्प प्रमाणातले तांबेही गोगलगायी व कोळंबीला मारक ठरते, तेव्हा आजोबांच्या काळचा, तांबट आळीतून घेतलेला बंब घरात असला तरी त्याचा मोह धरू नये. स्टीलचा मोठा टोप सर्वांत चांगला. ॲल्युमिनियमचा चालतो, पण त्यावर पडलेला तपकिरी डाग घरात वादाचे कारण होतो, हे अनुभवाने सांगतो. प्रेशर कुकरचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नये, कारण सुटलेला सालीचा एखादा तुकडा शिट्टीच्या छिद्रात अडकला तर मोठा अपघात होऊ शकतो. टोपात न मावणारे लाकूड प्लॅस्टिकच्या जाड टबात ठेवून त्यावर तीन-चार वेळा उकळते पाणी ओतावे आणि प्रत्येक वेळी पोते टाकून झाकून ठेवावे.

मिठाने आपल्या लाकडाला फायदा काही झाला नाही. उकळत्या पाण्यातून जे जंतू वाचत नाहीत त्यांच्यासाठी मीठ अनावश्यक आहे, आणि लाकडात मुरलेले मीठ हळूहळू टाकीत उतरते, ज्याचा त्रास कोरिडोरसना होऊ शकतो. चार-पाच दिवस साध्या पाण्यात ठेवले की हा विषय संपेल. ब्लीचिंग पावडरबाबत मात्र मी ठाम आहे. काचेला किंवा दगडाला क्लोरीन लावून धुता येतो, लाकडाच्या आत शिरलेला क्लोरीन बाहेर काढण्याची खात्री देता येत नाही, आणि बाजारात मिळणाऱ्या त्या पावडरीत चुन्याचा अंशही मोठा असतो. आपल्या टाकीत तर ब्रिसलनोज आहे. तो मासा लाकडाचा पृष्ठभाग रोज खरवडून खातो. इतर माशांना जे पाण्यात मिसळून, सौम्य होऊन मिळेल, ते त्याच्या तोंडात थेट जाईल. खाण्याचा सोडाही त्यात घालू नये. रंग लवकर निघतो खरा, पण लाकूड मऊ पडते.

तरंगण्याचे कारण समजून घेतले की घाई आपोआप कमी होते. लाकडाचा मूळ पदार्थ, म्हणजे पेशींच्या भिंती ज्याच्या बनलेल्या असतात तो, पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड असतो. तरीही वाळके लाकूड तरंगते, ते त्या भिंतींमधल्या पोकळ्यांत हवा असते म्हणून. हवा बाहेर जाऊन तिथे पाणी शिरले की कोणतेही लाकूड बुडते, फक्त कुणाला एक दिवस लागतो तर कुणाला चार महिने. दुकानात मलेशियन म्हणून मिळणारे गडद लाकूड आणि आफ्रिकेतले मोपानी मुळातच घन असल्याने लगेच बुडते. स्पायडर वुड नावाचे लाकूड मात्र बुडायला हट्टी असते. उकळून गरम असतानाच लाकूड थंड पाण्यात टाकले तर आतली तापलेली हवा व वाफ आकसते आणि पाणी आत ओढले जाते. हा उकळण्याचा फारसा कुणी न सांगणारा फायदा आहे. त्यानंतर टबात, वर वजन ठेवून, पूर्ण बुडवून ठेवावे. पहिला आठवडा रोज पाणी बदलावे, नंतर दर तीन-चार दिवसांनी. माझ्या अनुभवात आपल्यासारख्या मुळाला तीन ते पाच आठवडे लागतात.

तेवढा धीर नसेल तर ते दगडी फरशीवर स्क्रूने बसवावे आणि फरशी वाळूत गाडावी. इथे पुण्यात एक चूक हमखास होते. घराच्या दुरुस्तीत उरलेला शहाबादी फरशीचा किंवा कडाप्प्याचा तुकडा हाताशी असतो आणि तोच वापरला जातो. हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. टॅनिनमुळे पाणी जरा आम्लधर्मी झाले की ते संथपणे विरघळतात आणि पाणी जड, म्हणजे क्षारयुक्त, करतात. म्हणजे लाकूड एका बाजूला ओढते आणि फरशी दुसऱ्या बाजूला. दगडावर लिंबाचे चार थेंब पिळून पाहावेत. बुडबुडे आले तर तो दगड बाजूला ठेवावा. स्वयंपाकघराचे ओटे बसवणाऱ्यांकडे ग्रॅनाइटच्या पट्ट्यांचे उरलेले तुकडे पडलेले असतात, त्यांतली एक हातभर पट्टी घ्यावी आणि त्यांच्याकडूनच दोन भोके पाडून घ्यावीत. साधा काळा पाषाणही चालतो, त्याला तर आपल्याकडे तोटा नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच हवेत. बोहरी आळीत ते सुटे मिळतात, पण घरून चुंबक घेऊन जावे आणि जो स्क्रू चुंबकाला घट्ट चिकटेल तो घेऊ नये.

लाकूड भिजल्यावर फुगते, हे मला एका टाकीची किंमत मोजून कळले. अडीच फुटी टाकी होती आणि तिच्या रुंदीत बरोब्बर बसणारा एक वाळका ओंडका मला सापडला होता. तो तरंगू नये म्हणून मी पुढच्या आणि मागच्या काचेमध्ये तो ठोकून घट्ट बसवला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन झोपलो. पाचव्या रात्री दोनच्या सुमारास ‘टक्’ असा एकच आवाज आला. ओंडका आडव्या अंगाने फुगला होता आणि पुढच्या काचेला खालपासून वरपर्यंत तडा गेला होता. तेव्हा लाकूड कोणत्याही दोन काचांमध्ये अडकवू नये, सर्व बाजूंनी किमान दोन बोटे अंतर राखावे, आणि ते अंतर इतकेही चिंचोळे नसावे की मासा शिरेल आणि मागे वळू शकणार नाही.

रंगाविषयी आपण सर्वांत जास्त लिहिले आहे, म्हणून त्याचा थोडा खुलासा करतो. तपकिरी छटा टॅनिन आणि ह्युमिक आम्लांची असते. निऑन टेट्रा ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, जिथे पानापाचोळ्याने रंगलेले पाणी नित्याचे आहे, तिथले मासे आहेत. ‘फायटर’ मासे ठेवणारे लोक तर देशी बदामाची वाळलेली पाने मुद्दाम टाकून हाच रंग आणतात. प्रश्न रंगाचा नसून पीएचचा, म्हणजे पाण्याच्या आम्लतेच्या मापाचा, आहे, आणि त्याचे उत्तर पुण्यात आपण कोणते पाणी वापरता यावर ठरते. धरणाचे नळाचे पाणी तुलनेने मऊ असते. त्यात कार्बोनेट कमी असल्याने आम्ल शोषून घेण्याची ताकद कमी असते, आणि मोठ्या, ताज्या लाकडाने पीएच खरोखर खाली सरकू शकतो. वाघोली, वाकड किंवा उंड्रीकडे ज्या सोसायट्यांना बोअरचे वा टँकरचे पाणी मिळते त्यांच्याकडे तेच लाकूड रंग देईल, पण पीएचचा काटा हलणार नाही, कारण ते पाणी बहुधा जड असते. कार्बोनेट कडकपणा मोजण्याचे थेंबांचे किट मत्स्यालयाच्या दुकानात मिळते. ते जर्मन अंशांत मोजते, आणि असा एक अंश म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने लिटरला सुमारे १७.९ मिलिग्रॅम. तीन अंशांहून कमी निघाले तर लाकूड टाकल्यावर पहिले दोन आठवडे पीएच एक दिवसाआड तपासावा. रंग डोळ्यांना खटकत असेल तर दर आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदलावे आणि फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी ठेवून ती महिन्याने बदलावी. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या सिक्लिडसारख्या, जड व अल्कधर्मी पाण्यातल्या माशांच्या टाकीत मी लाकूड ठेवतच नाही. तिथे दगड शोभतो.

पांढरा थर म्हणजे बुरशी आणि जिवाणूंनी मिळून केलेली साय. लाकडातून झिरपणाऱ्या साखरेवर ती जगते आणि साखर संपली की मरते, साधारण दोन ते सहा आठवड्यांत. गोगलगायी, कोळंबी आणि आपला ब्रिसलनोज ती खातात. एवढेच पाहावे की ती जगताना पाण्यातला प्राणवायूही वापरते. समुद्रसपाटीवर २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो, आणि पुण्यातल्या उन्हाळ्यात बंद खोलीतली टाकी ३० अंश सहज ओलांडते. तेव्हा नवे लाकूड उन्हाळ्यात टाकल्यास एअर पंप रात्रीही चालू ठेवावा, मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू लागले तर तेवढा इशारा पुरे. साय हाताने पुसली तरी परत येते, म्हणून लाकूड बाहेर काढून ब्रशने घासणे आठवड्यातून एकदा पुरते. मात्र थर काळा असेल, बोट लावल्यावर लाकूडच निघत असेल आणि नासक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर ती साय नव्हे, ती आतली कूज आहे. ते लाकूड त्याच दिवशी बाहेर काढावे आणि निम्मे पाणी बदलावे.

आपल्या मुळासाठी मी काय केले असते ते सांगतो. आज ते बाहेर काढून, टाकीतले एक तृतीयांश पाणी बदलून, मूळ गच्चीवर ऊन आणि वारा मिळेल असे आठवडाभर वाळवले असते. मग नख, स्क्रूड्रायव्हर आणि छेद यांची परीक्षा, आणि तीत उतरले तर दोन तासांची उकळ व लगेच थंड पाण्याचा टब. चौथ्या आठवड्याच्या शेवटी दोन सारख्या बादल्यांत नळाचे सारखेच पाणी भरून एकीत मूळ ठेवावे आणि दुसरी तशीच ठेवावी. सात दिवसांनी दोन्हींचा टीडीएस, पीएच आणि वास ताडून पाहावा. रंगात फरक असेल, तो चालेल. पीएच थोडा उतरलेला असेल, तोही चालेल. टीडीएस लक्षणीय वाढलेला असेल तर मीठ किंवा आणखी काही अजून निघते आहे असे समजून आणखी एक आठवडा द्यावा. पाण्यावर तवंग किंवा आंबूस वास असेल तर आपण काही सांगण्याआधीच लाकडाने उत्तर दिलेले आहे. सगळे ठीक निघाले की ग्रॅनाइटची पट्टी लावून मूळ टाकीत उतरवावे. त्याच्या बेचक्यात अनुबियास किंवा जावा फर्न यांसारखी पाणवनस्पती सुती दोऱ्याने बांधता येईल, फक्त तिचा आडवा कंद वाळूत गाडला जाऊ नये. दोरा कुजेपर्यंत मुळ्या लाकडाला धरतात.